५१२ मध्ये आटपा

संगणकाच्या भाषा-मॉडेलला शासन निर्णय समजावून द्यायचेत? मग ते वाचावे लागतात हा गैरसमज आधी काढून टाका. पंधरा पानांचे ७६८ आकडे करायचे, त्याला व्हेक्टर म्हणायचं, झालं काम.

गूगलचं २०१८ सालचं बर्ट हे मॉडेल घ्या. त्याला एका वेळी ५१२ टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, झेपतात. पुढचं बिनदिक्कत कापा. एवढ्यात विभागाचं नाव, क्रमांक, मंत्रालयाचा पत्ता, तारीख आणि ‘वाचा’खालची जुन्या निर्णयांची यादी येते. नशीब जोरावर असेल तर प्रस्तावनाही सुरू होते. अनुदान कोणाला, किती, कधीपर्यंत, हे पुढच्या पानांवर. त्याची काळजी शेतकऱ्याने करावी.

बहुभाषक बर्टची ‘अनकेस्ड’ (कॅपिटल-स्मॉल अक्षरांत भेद न करणारी) आवृत्ती मिळाली तर सोडू नका. ती उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं परकीय भाषेतला अ‍ॅक्सेंट समजून पुसते. शेतकरी होतो ‘शतकरी’, मुख्यमंत्री ‘मखयमतरी’. ही आवृत्ती वापरू नका असं खुद्द गूगलने लिहून ठेवलंय. पण सूचना वाचायची सवय असती तर आपण या धंद्यात कशाला पडलो असतो?

कोणी म्हणेल, शेवटही घ्या. घ्या की! २०१९ च्या एका शोधनिबंधात पहिले १२८ आणि शेवटचे ३८२ टोकन घेऊन चित्रपट-परीक्षणांवर उत्तम निकाल आले होते. परीक्षणाच्या शेवटी ‘पैसा वसूल’ असतं. आपल्याकडे शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’, मग ‘प्रत’ कोणाकोणाला त्याची यादी, आणि तळाला ‘निवड नस्ती’.

अगदीच मन खात असेल तर सगळ्या मजकुराचे तुकडे पाडा आणि त्यांच्या व्हेक्टरची सरासरी काढा. ‘सदर योजना रद्द करण्यात येत आहे’ हे एकच वाक्य त्या सरासरीत असं विरघळतं की योजना सुखेनैव चालू राहते.

२०२० चा लाँगफॉर्मर, लांब मजकुरासाठीचं मॉडेल, ४०९६ टोकन घेतो खरा. साध्या अटेन्शनला, म्हणजे प्रत्येक टोकनाने बाकी सगळ्यांकडे बघण्याला, आठपट लांबीसाठी चौसष्टपट हिशेब करावा लागतो, म्हणून यात बहुतेक टोकनांनी फक्त आजूबाजूला बघायचं. सगळीकडे नजर टाकायची मुभा मोजक्यांनाच. (मंत्रालयात हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.) पण त्याला जास्त मेमरी लागते, आणि तुमचं बजेट मंजूर झालेलं नाही.

शेवटी चाचणी. पाणीपुरवठ्याच्या निर्णयाशी मिळतेजुळते निर्णय मागा. शालेय शिक्षण येईल, मत्स्यव्यवसाय येईल, साम्याचा आकडाही घसघशीत येईल. तो स्लाइडवर ठळक अक्षरांत टाका. सगळ्यांचा पत्ता एकच होता, हे कोणी विचारल्याशिवाय सांगू नका.