नारळ मिळाला, त्यात अभिनंदन कसलं?

‘नोकरी गेली? अभिनंदन!’ अशी सुरुवात असलेला मेसेज गेल्या वर्षभरात मला निदान 8-9 वेळा आला. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, एकदा तर भिशीच्या ग्रुपवर. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हा पुण्यात घरोघरी हाच विषय होता आणि मेसेजलाही ऊत आला होता. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्यातले सल्ले थोडक्यात सांगते. एचआरने (मनुष्यबळ विभागाने) सुचवताच राजीनामा देऊन टाका, म्हणजे ‘टर्मिनेशनचा डाग’ लागत नाही आणि ग्रॅच्युइटीही (नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) अडत नाही. ऑफिसात बसणाऱ्यांना कामगार कायदा नसतो, भांडू नका. पीएफ काढून कर्ज कमी करा. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून कुणाला सांगू नका. रिझ्युमेत गॅप दिसू देऊ नका. रोज 100 ठिकाणी अर्ज टाका. आणि शेवटी, संकट हीच संधी, स्वतःचा व्यवसाय सुरू करा.

पुण्याजवळच्या एका कंपनीत मी 11 वर्षं पेरोल, म्हणजे पगाराचं काम, सांभाळलं. लोकांचे राजीनामे माझ्या टेबलावर यायचे, त्यांचा ‘फुल अँड फायनल’, म्हणजे जातानाचा शेवटचा हिशेब मी करायचे. मग एका मंगळवारी माझ्यावरही तीच वेळ आली. टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात, म्हणून हे लिहितेय.

राजीनाम्याचा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. राजीनामा म्हणजे ‘मी माझ्या मर्जीने जातेय’ असं तुम्ही लिहून दिलेलं असतं. छाटणी म्हणजे कंपनीने तुम्हाला काढलेलं असतं. दोन्हींत घरी बसायचंच आहे, पण हिशेबाचा कागद वेगळा होतो. कायद्याच्या भाषेत ‘ले-ऑफ’चा अर्थही आपण समजतो तो नाही, बरं का. तिथे ले-ऑफ म्हणजे काम तात्पुरतं बंद आणि तोवर मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. कायमचं काढणं ही छाटणी. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची छाटणी करायची तर 1 महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी पगार, आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

आता आकडे मांडा. पगार 60 हजार, नोकरी 7 वर्षं. 15 गुणिले 7, म्हणजे 105 दिवस, साडेतीन महिने, 2 लाख 10 हजार रुपये. नोटिशीचे पैसे वेगळे. राजीनाम्यावर सही केलीत की या रकमेवरचा हक्क तुम्हीच सोडला. कंपनीने ‘चांगुलपणाने’ दोन पगार दिले तर ती तिची मर्जी. शिवाय छाटणीच्या भरपाईला 5 लाखांपर्यंत प्राप्तिकरात सूट आहे. राजीनाम्यानंतर हातावर ठेवलेल्या रकमेला ती सहसा मिळत नाही.

‘राजीनामा दिला नाहीत तर ग्रॅच्युइटी अडेल’ हे तर निव्वळ घाबरवणं आहे. 5 वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी मिळते, मग तुम्ही सोडलेली असो की त्यांनी काढलेलं असो. ती रोखायची तर तुम्ही कंपनीचं नुकसान केलेलं असावं लागतं, किंवा हाणामारी, नैतिक अधःपतन अशा कारणावरून तुम्हाला बडतर्फ केलेलं असावं लागतं. ‘प्रोजेक्ट संपला’ हे त्यातलं कारण नाही. ग्रॅच्युइटी ज्या पगारावर धरतात तो 30 हजार असेल तर 30,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 7, सुमारे 1 लाख 21 हजार. हे गणित मी शेकडो वेळा केलंय, आणि समोरच्या माणसाला ते माहीत नसतं हेही तितक्याच वेळा पाहिलंय.

डागाचं म्हणाल तर छाटणी हा ठपका नसतो. गैरवर्तनावरून काढणं वेगळं आणि पद रद्द झालं म्हणून काढणं वेगळं. पत्रात कारण नीट लिहून घ्या, एवढंच. त्या बंद खोलीत, पाण्याचा ग्लास पुढे सरकवून ‘आत्ताच सही केलीत तर बरं’ असं कुणी म्हणालं तर एकच वाक्य पुरतं: ‘मला हे ईमेलवर पाठवा, वाचून उद्या सांगते.’ आमच्या कंपनीत हे वाक्य म्हणणारे फार थोडे असत. त्यांचा हिशेब प्रत्येक वेळी जरा बरा निघायचा. कंपनी देतेय ती रक्कम हक्काच्या रकमेपेक्षा खरंच मोठी असेल तर द्या की राजीनामा, माझी हरकत नाही. पण आधी वजाबाकी करा.

ऑफिसवाल्यांना कामगार कायदा नसतो, हे अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक. व्यवस्थापनाचं काम करणारे या तरतुदींत येत नाहीत. पर्यवेक्षक असाल आणि पगार 18 हजारांवर असेल तरी नाही. पण तुम्ही कोण हे व्हिजिटिंग कार्डावरच्या पदावरून ठरत नाही, प्रत्यक्ष काय काम करता त्यावरून ठरतं. न्यायालयांनी हे वारंवार सांगितलंय. ‘सीनियर असोसिएट मॅनेजर’ म्हणवणारा माणूस दिवसभर कोडच लिहीत असेल, त्याच्या हाताखाली कुणी नसेल, रजा मंजूर करण्याचाही अधिकार नसेल, तर तो मॅनेजर कसला? आयटीत पदं दिवाळीच्या मिठाईसारखी वाटतात, ती अशी कामाला येतात! खरोखर मॅनेजर असाल तर तुमचा आधार म्हणजे नेमणूकपत्रातली नोटीस आणि भरपाईची कलमं. ते पत्र शोधून ठेवा. पगाराची बाकी मात्र सगळ्यांची सारखी. नव्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यापासून 2 कामाच्या दिवसांत मजुरी चुकती करायची आहे, मॅनेजर असो वा शिपाई. ‘फुल अँड फायनलला 45 दिवस लागतात’ हे वाक्य मीच कितीदा फोनवर ऐकवलंय. ती कंपनीची सवय होती, कायदा नव्हे.

पीएफ काढून कर्ज कमी करा, म्हणे. गृहकर्जात भरलेला पैसा पुढच्या महिन्यात किराण्याला परत येत नाही. पीएफवर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज होतं, आणि नोकरी सुटली म्हणून ते लगेच थांबत नाही. गरज पडली तर घ्या, तो पैसा त्यासाठीच आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या केंद्रीय मंडळाने ठरवलं की बेकारीत 75 टक्के लगेच काढता यावेत आणि पूर्ण रक्कम 12 महिन्यांनी. पण पहिल्याच आठवड्यात खातं धुऊन काढू नका. त्यातून पेन्शनचा भाग काढलात तर तेवढी सेवा पुसली जाते, आणि पेन्शनसाठी 10 वर्षं भरावी लागतात. त्याऐवजी ती सेवा जपून ठेवणारं स्कीम सर्टिफिकेट घेता येतं. हप्ता झेपणार नसेल तर चुकण्याआधीच बँकेत जाऊन बोला. हप्ता चुकल्यावर गेलं की सूर बदललेला असतो.

आता झाकल्या मुठीबद्दल. मीही 3 आठवडे मूठ झाकली होती. सकाळी डबा घेऊन निघायचे आणि कोथरूडच्या एका वाचनालयात बसायचे. सासूबाईंना कळू नये म्हणून. त्या 3 आठवड्यांत मला एकही फोन आला नाही, येणार कसा? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 च्या निबंधात बॉस्टनजवळच्या एका उपनगरातल्या नोकरदारांना विचारलं होतं की ज्या ओळखीतून नोकरी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारे 17 टक्क्यांच्याही आत निघाले, अधूनमधून भेटणारे 55 टक्क्यांवर, आणि क्वचितच भेटणारे जवळपास 28. कारण सरळ आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी लांबच्यांकडे असते, आणि लांबच्यांना सांगितल्याशिवाय ती आपल्यापर्यंत येत नाही.

गंमत अशी की हा मेसेज मला पहिल्यांदा पाठवणारे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. ते सरकारी बँकेतून 2001 च्या व्हीआरएसमध्ये (स्वेच्छानिवृत्ती योजनेत) बाहेर पडलेले, पेन्शन चालू, त्यामुळे उत्साह दांडगा. शेवटी लिफ्टमध्ये मी त्यांना खरं सांगून टाकलं. सहाव्या दिवशी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या सुनेचा फोन आला. तिच्या कंपनीत पेरोलला माणूस हवा होता. ती नोकरी मला मिळाली नाही, पण नोकरी गेल्यानंतरचा पहिला इंटरव्ह्यू तोच.

सांगायचं कसं हेही महत्त्वाचं. ‘माझं बघा ना काहीतरी’ म्हटलं की समोरचा ओशाळतो. ‘पेरोलचा 11 वर्षांचा अनुभव आहे, चाकण किंवा हिंजवडीकडे चालेल, कुणाला हवं असेल तर माझा नंबर द्या’ एवढं म्हटलं की त्याला पुढे काय करायचं ते कळतं.

गॅप लपवण्याबद्दल पेरोलवाली म्हणून सांगते, जमत नाही. पीएफच्या यूएएन या कायमच्या खाते क्रमांकावर तुमच्या प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट दिसतो, आणि पडताळणी करणारे तेच पाहतात. 5 महिने रिकामे होते हे चालतं. खोटी तारीख सापडली तर हातात आलेलं ऑफर लेटरही जातं.

रोज 100 अर्ज? मेसेजमध्ये याच्या पुष्टीसाठी ‘75 टक्के रिझ्युमे मशीनच फेकून देतं’ हा आकडा आहे. तो जगभर फिरतो, पण त्यामागे दाखवण्याजोगा अभ्यास नाही. कंपन्यांची सॉफ्टवेअरं अर्ज साठवतात, गाळतात, क्रम लावतात हे खरं. पण बरेच अर्ज माणूसच पाहतो, आणि एकाच साच्यातला अर्ज त्याला दोन ओळींत कळतो. दिवसाला 4 अर्ज, नीट वाचून, त्या कामाला लागू होतील अशा ओळी वर घेऊन. उरलेला वेळ फोनसाठी. आणि नोकरी लावून देतो म्हणून ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागणारा दिसला की लगेच ब्लॉक करा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करायला उशीर करू नका.

व्यवसायाच्या मुद्द्यावर फार बोलत नाही. ज्याला धंदा करायचाच होता तो करेल. पण नोकरी गेली त्या महिन्यात पीएफ मोडून चहाची फ्रँचायझी घेणं ही संधी विकणाऱ्याची असते.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला पटली: सकाळी ठरल्या वेळी उठून अंघोळ करा, असं त्यात लिहिलंय. करा. खरंच फरक पडतो.

जे त्यात कुठेच नाही ते असं. कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसासोबतच संपतो. घरात डायबेटिसचं माणूस असेल तर तीच पॉलिसी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक करून घेता येते का, हे कंपनीत असतानाच विचारा. आणि मीटिंगचं आमंत्रण कॅलेंडरवर दिसलं, पण विषय लिहिलेला नसला, की आत जाण्याआधी पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), नेमणूकपत्र आणि बढतीची पत्रं स्वतःच्या मेलवर घ्या. माझा लॅपटॉप दुपारी 3 वाजता बंद झाला. 11 वर्षं सगळ्या कंपनीच्या स्लिपा मी काढल्या, आणि स्वतःच्या शेवटच्या 3 मागायला मला एचआरला चार मेल करावे लागले.