सिनेमा संपला, बसा खाली

पोलीस आले की सिनेमा संपला, इतकं आमच्या लहानपणी सरळ होतं. गोदामातली हाणामारी आटोपायची, खलनायक रिकाम्या पिंपांवर आडवा व्हायचा आणि बाहेर जीपचा सायरन वाजायचा. तो सायरन म्हणजे आमचा सुटीचा भोंगा. आई अंधारात पायानेच चपला चाचपायला लागायची, बाबा तोवर दाराशी पोचलेले असायचे, आणि 'कायदा हातात घेऊ नका' हे वाक्य इन्स्पेक्टर बिचारा लालबागच्या भारतमाता टॉकीजमध्ये सगळ्यांच्या पाठींना उद्देशून म्हणायचा. पुढे नायकाच्या आईचे डोळे परत आले की नाही, हरवलेल्या भावाला दंडावरच्या खुणेवरून कोणी ओळखलं की नाही, हे मी आयुष्यभर मान वळवून, दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिलेलं आहे.

नावं तेव्हा सुरुवातीलाच येत. ती तरी कोण वाचत होतं म्हणा! नेमकं त्याच वेळी बॅटरीवाला कोणाला तरी भलत्याच रांगेत नेऊन बसवत असे आणि मूळ मालक तिकीट नाचवत उभा असे. मराठी सिनेमात तर कलाकारांच्याही आधी आभार. अमुक पाटील, तमुक शेठ, वाडा वापरायला देणारे इनामदार, समस्त ग्रामस्थ, आणि 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे'. अज्ञातांचेही आभार मानून झाले की मगच नायक शेतात दिसायचा.

मुंबईकराला शेवटी थांबवणं सरकारलाही जमलेलं नाही. 1962 च्या चीन युद्धानंतर सिनेमा संपला की थिएटरात राष्ट्रगीत लावायचे. लोक त्याच्या आत दाराबाहेर, ट्राम किंवा बस पकडायला. ती प्रथा मग मागे पडली. महाराष्ट्रात 2003 पासून राष्ट्रगीत सुरुवातीला घेतात. म्हणजे इतक्या वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आलं की या शहरातल्या माणसाला उभं करायचं असेल तर तो बसायच्या आधीच करावं.

सगळीच्या सगळी नावं शेवटी ढकलायचं खूळ हॉलिवूडचं. जॉर्ज लुकसच्या 1980 च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये दिग्दर्शकाचं नाव सुरुवातीला नव्हतं, म्हणून तिथल्या दिग्दर्शकांच्या संघटनेनं दंड ठोठावला. गृहस्थानं दंड भरला आणि संघटनाच सोडली. पण नावं शेवटी नेली तरी ती बघायला थांबणारं कोणी नव्हतं. मग 2008 मध्ये 'आयर्न मॅन'च्या अगदी शेवटी, शेवटचं नाव वर सरकून गेल्यावर, डोळ्याला पट्टी बांधलेला एक माणूस अंधारातून पुढे आला आणि पुढच्या सिनेमाचं बोलून गेला. झालं. तेव्हापासून जगभरातली तरुण मंडळी दिवे लागले तरी खुर्चीला चिकटून बसायला लागली. माझ्या मते ही सरळसरळ लाच आहे. हजारभर लोकांची नावं निमूट गिळलीत तर शेवटी एक पेढा मिळेल.

आता नव्या सिनेमाला जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली गोष्ट मूत्राशयाची. सिनेमा तीन तासांचा, हातात कोल्ड्रिंकचा बादलीएवढा ग्लास (मोठा घेतला तर वीसच रुपये जास्त पडतात, हा काउंटरवरच्या मुलाचा युक्तिवाद आजवर एकाही मराठी माणसाला खोडता आलेला नाही), आणि वर ही दहा मिनिटांची नामावली. रनपी नावाचं एक ॲप आहे. कोणत्या सिनेमात कोणत्या वाक्याला उठून जाऊन यावं म्हणजे काही चुकत नाही, आणि नावं संपल्यावर काही आहे का, हे ते सांगतं. इंग्रजी लोकांना त्याची गरज. आपण इंग्रजी सिनेमाचंसुद्धा वाक्य अर्ध्यावर तोडून इंटरव्हल करतो.

दुसरं, शेवटी दिसेल ते सगळं खरं मानू नये. हिंदी सिनेमात दहा मिनिटांपूर्वी जिच्या चितेला अग्नी दिला ती नायिका नावांच्या शेजारी चौकटीत चमचमते कपडे घालून नाचत असते, आणि तिचा मारेकरी मागे दुसऱ्या रांगेत. आमची आई अशा वेळी उठता उठता परत बसते. "अगं बाई, वाचली वाटतं!" ते गाणं फक्त जाहिरातीसाठी केलेलं असतं, हे तिला पटत नाही. 2023 च्या 'पठाण'मध्ये तर नावं सुरू झाल्यावर दोन नायक पुलावर बसून आपण आता निवृत्त व्हावं का, आपली जागा घेणारं कोण आहे, अशी चर्चा करतात आणि पोराटोरांवर सोपवण्यात अर्थ नाही असं त्यांचं ठरतं. मी ते दृश्य डोळे मिटून ऐकलं असतं तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलोय असं वाटलं असतं.

आणि कधीकधी काहीही नसतं. 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'ला 2019 मध्ये आम्ही अख्खं थिएटर मिळून शेवटपर्यंत बसलो. काळ्या पडद्यावर लोखंडावर हातोडा पडल्याचे नुसते आवाज आले. ठण. ठण. ठण. मागच्या रांगेतली मुलं डोळे पुसायला लागली, कारण याच मालिकेतल्या पहिल्या सिनेमात, त्या 'आयर्न मॅन'मध्ये, नायकानं गुहेत आपलं चिलखत असंच ठोकून घडवलं होतं. आमची बायको दचकून म्हणाली, "वरच्यांचं रिनोव्हेशन इथेही ऐकू येतं?"

न सांगता लोक थांबले असं मी एकदाच पाहिलं, 2016 साली 'सैराट'ला. तो शेवट मुका आहे आणि आम्हीही मुके झालो होतो. तिथे कोणी पेढा दाखवला नव्हता. पण असे सिनेमे रोज थोडेच येतात.

खरं सांगायचं तर ॲप वगैरे काही लागत नाही. या विषयातला सगळ्यात मोठा जाणकार थिएटरच्या बाहेर जायच्या दाराशी उभा असतो. एका हातात झाडू, दुसऱ्या हातात लांब दांड्याची सुपली, खांद्यावर काळ्या पिशव्यांची गुंडाळी. या माणसानं गेल्या काही वर्षांतल्या प्रत्येक सिनेमाची शेवटची आठ-दहा मिनिटं पाहिलेली असतात आणि त्याआधीचं काहीही पाहिलेलं नसतं. मी बाहेर न पडता हळूच त्याच्या बाजूला सरकतो आणि विचारतो, "आहे का काही?" तो पडद्याकडे न बघताच सांगतो, "एक आत्ता गाण्यानंतर, एक एकदम लास्टला. लास्टवाला बेकार आहे, जावा तुम्ही." मोठमोठ्या समीक्षकांना इतकं नेमकं लिहिता येत नाही.

हे सगळं माझ्यापुरतं ठीक चाललं होतं. मग आमच्या भाच्याचं नाव आलं.

भाचा गोरेगावला व्हीएफएक्सच्या, म्हणजे सिनेमातली करामत कॉम्प्युटरवर करणाऱ्या, स्टुडिओत आहे. हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमांचं बरंच काम हल्ली मुंबईत होतं. लंडनच्या कंपन्यांनी इथे ऑफिसं थाटली आहेत, आणि रात्री दोनला जेवणारी, दुपारी दात घासणारी एक पिढी उपनगरांत तयार झाली आहे. त्यानं आपल्या कामाबद्दल ताईला समजावलं ते मी स्वतः ऐकलंय. नायक उडतो तेव्हा त्याला तारांनी टांगलेलं असतं. त्या तारा एकेका फ्रेममधून पुसायच्या. सेकंदाला चोवीस फ्रेमा.

"मग आम्हाला काय दिसेल?" ताई म्हणाली.

"काही नाही. तार दिसली नाही म्हणजे माझं काम चांगलं झालं."

"अरे, पण लोकांना दाखवायचं काय?"

दाखवायला एकच गोष्ट होती, शेवटी येणारं नाव. तेही सगळ्यांचं येत नाही. स्टुडिओच्या वाट्याला ठरावीकच नावं येतात, आणि महिनोन्‌महिने तारा पुसूनही निम्मी मुलं 'ज्ञात-अज्ञात'मध्येही नसतात. या वेळी मात्र त्याला मेल आला होता. ताईनं तो मेल फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले गणपती टाकले आणि रविवारचा रात्रीचा शो ठरवून टाकला. डोंबिवलीहून ताई, भावोजी, त्यांच्या शेजारच्या काकू, आमच्याकडून मी, बायको, आई. भाचा आला नाही. त्याला रविवारी काम होतं.

सिनेमा काय होता ते विचारू नका. सगळं कुटुंब उडणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर तार शोधत होतं. "तिथे राहिलीय बहुतेक," असं काकू एकदा म्हणाल्या, तेव्हा ताईनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यानंतर त्यांनी पॉपकॉर्नलाही हात लावला नाही.

अखेर आकाशातली मारामारी संपली, पडदा काळा झाला आणि ताई सावरून बसली. आई सवयीनं उठली होती, तिला खाली बसवलं. आधी मोठी नावं आली. मग छोटी. मग त्याहून छोटी. अर्धे दिवे लागले. लोक आमच्या गुडघ्यांवरून बाहेर पडायला लागले. नायकाचा व्यायाम घेणारा आला, त्याचं जेवण बघणारा आला, ड्रायव्हर आले, अकाउंटंट आले, घोडे सांभाळणारे आले. सिनेमात घोडा एक होता.

"तुझं शिक्षण इंग्रजीतून झालंय ना? मग वाच की भराभर!" ताई मला म्हणाली.

मधेच लहान मुलांची नावं आली. सिनेमा बनत असताना काम करणाऱ्यांच्या घरी जी बाळं जन्मली त्यांची यादी. ॲनिमेशनवाल्या पिक्सार कंपनीनं 1995 च्या 'टॉय स्टोरी'पासून ही पद्धत पाडली, असं मी विद्वत्ता म्हणून सांगायला गेलो.

"म्हणजे काल जन्मलेल्यांची नावं आहेत," ताईचा आवाज चढला, "आणि माझ्या बाळाचं नाही?"

एव्हाना दार उघडून सफाईची माणसं आत आली होती. आमच्या पुढच्या रांगेत सुपली खडखडायला लागली. शेवटची लोकल चुकणार या चिंतेनं भावोजी दर मिनिटाला मोबाइलवर वेळ बघत होते. त्यांच्या सुदैवानं हिशेबात अजून अकरा मिनिटं शिल्लक होती. तेवढ्यात व्हीएफएक्सचे रकाने सुरू झाले. लंडन. मग मुंबई! पडदाभर कुलकर्णी, शिंदे, नायर, पटेल, डिसूझा. दादर स्टेशनात सकाळी नऊला उभं राहिल्यासारखं वाटलं. तीन रकाने, सगळे एका वेगानं वर निघालेले. ताईनं पर्समधून फोन काढला आणि हात उंच केला.

"मॅडम, शूटिंग अलाऊड नाही." थिएटरचा मुलगा कुठून उगवला कोण जाणे.

"अरे, सिनेमा संपलाय बाळा. मी नाव काढतेय फक्त."

"पायरसी होते मॅडम. कायदा आहे."

कायदा खरंच आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर थिएटरात पडद्याचं चित्रण केलं तर किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद, दंड कमीत कमी तीन लाख, आणि जास्तीत जास्त सिनेमाच्या निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. हे मी भावोजींना हळू आवाजात सांगितलं. हॉलिवूडच्या निर्मितिखर्चाचे पाच टक्के म्हटल्यावर त्यांनी मनातल्या मनात डोंबिवलीचा फ्लॅट विकला, मग गावचं घर विकलं, आणि तरी भागेना तेव्हा ताईचा हात धरून खाली ओढला. ताई त्यांच्याशी भांडायला वळली. काकू "आलं, आलं!" म्हणून ओरडल्या.

मी पाहिलं. आईनं पाहिलं. काकूंनी पाहिलं. सुपलीवाल्यानंसुद्धा पाहिलं आणि "तुमचा मुलगा काय? भारी!" असं म्हणाला. भावोजींनी अर्धं पाहिलं, आडनावाकडचं. ताई वळली तेव्हा रकान्यात कॅनडा सुरू झाला होता.

पुढचं काही मी लिहीत नाही, माझी बहीण आहे ती. नावांच्या शेवटी आणखी एक दृश्य होतं असं म्हणतात. त्या वेळी पडद्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, थिएटरातल्या मुलाचंही. बाहेर पडायच्या दारानं आम्ही नेहमीप्रमाणे पार्किंगच्या तळघरात निघालो आणि रिक्षा शोधत पुन्हा वर आलो. तिकीटखिडकी अजून उघडी होती. ताई थेट तिथे गेली.

"उद्या दुपारचा शो आहे ना याचा?"

"आहे ना मॅडम. तीनशे वीस."

"मला सिनेमा नको. शेवटच्या दहा मिनिटांचे कितीला पडतील?"

मुलानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे पाहिलं, आणि आत मॅनेजरला हाक मारली.