दाढीवरचा बर्फ आला का?

जानेवारीत पहाटे उठून, गाडी बाहेरचं तापमान ११ फॅरनहाइट, म्हणजे उणे बाराएक सेल्सियस, दाखवत असताना, नदीत मांडीएवढ्या पाण्यात जाऊन उभं राहायचं, ते कशासाठी हे प्लीज मला विचारू नका. घरी विचारून झालंय, ऑफिसात विचारून झालंय, आणि पकडलेला मासा परत सोडून देतो हे कळल्यावर तर लोक विचारायचंही सोडतात, नुसते बघतात. माझी तक्रार वेगळी आहे. परवा सॅन हुआन नदीवर एका माणसाने मला अख्खी सकाळ फुकटचा फोटोग्राफर म्हणून राबवलं, आणि वर नियम मोडतोस म्हणून मलाच झापलं.

थोडक्यात जागा सांगतो. न्यू मेक्सिकोत नवाहो धरण आहे, त्याच्या खालचे पहिले चारेक मैल म्हणजे ट्राउट मासे पकडणाऱ्यांची पंढरी. धरणाचं पाणी तळातून सुटतं आणि एवढ्या खोलावर ते ना उन्हाळ्यात तापत ना हिवाळ्यात गोठत, बाराही महिने साधारण ४२-४४ फॅरनहाइट, म्हणजे सहाएक डिग्री सेल्सियस. त्यामुळे आजूबाजूला सगळं गोठलेलं असतं तेव्हाही ही नदी वाहती, वर वाफ निघतेय, आणि मासे खाली निवांत जेवतायत. आता याला निसर्ग म्हणायचं का हा प्रश्नच आहे. १९६२ साली धरण पूर्ण व्हायच्या आधी इथलं पाणी गढूळ आणि उन्हाळ्यात कोमट असायचं, ट्राउट इथे टिकलीच नसती. रेनबो ट्राउट मूळची पॅसिफिक किनाऱ्याकडची, ब्राउन ट्राउट युरोपातून आणलेली, धरण सरकारचं, कधी किती क्युसेक सोडायचं तेही सरकार ठरवणार, म्हणजे मी निसर्गाच्या कुशीत वगैरे नसतो, एका सरकारी नळाखाली उभा असतो. अस्सल म्हणाल तर फक्त थंडी.

आणि ही थंडी आधी रॉडला धरते. लाइन ज्या बारीक कड्यांतून जाते त्या कड्यांत, लाइन ओढली की पाणी येतं, ते जागेवर गोठतं, आणि चार-पाच कास्टमध्ये, म्हणजे लाइन चार-पाचदा फेकली की, कडी बुजते. मग रॉडचं टोक पाण्यात बुडवून ठेवायचं, कारण पाणी हवेपेक्षा गरम, बर्फ सुटतो, रॉड वर काढली की परत गोठायला सुरुवात. कड्यांना लिप बाम चोळा म्हणतात. चोळला. कड्यांचे ओठ फुटले नाहीत एवढं खरं, बर्फ होता तसाच.

त्यात हिवाळ्यात या माशांना मोठं काही चालत नाही. मिज नावाचे चिलटासारखे किडे असतात, त्यांच्या अळ्या आणि कोष, बास, हाच मेनू. म्हणून फ्लाय, म्हणजे किड्यासारखा सजवलेला गळ, तीही तशीच लागते, साइज २४, साइज २६, आणि इथे आकडा वाढतो तशी फ्लाय लहान होत जाते हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय मला. तीन-चार मिलिमीटरचा गळ, त्याच्या डोळ्यात पाव मिलिमीटरहून कितीतरी बारीक टिपेट, म्हणजे लाइनच्या टोकाचा दोरा, ओवायचं, बोटं बधिर, चाळिशीचा चष्मा श्वासाने धुरकटलेला, नाकातून पाणी. श्वास रोखला की चष्मा साफ होतो पण मग हात थरथरतात. एकदाची ओवली, गाठ मारली, गाठ ओली करायला तोंडात धरली आणि फ्लाय मिशीत अडकली. उलटा काटा नसलेला गळ वापरायचा नियम इथे माशांसाठी केलाय म्हणे, पण आशीर्वाद माझेही आहेत.

तर अशा अवस्थेत मी कुठे नदीशी जरा जुळवून घेत होतो, तेवढ्यात हा आला.

वर नदी रिकामी, खाली नदी रिकामी, आणि हा गृहस्थ बरोब्बर माझ्या खालच्या अंगाला, वीसेक फुटांवर येऊन उभा राहिला. छातीपर्यंत दाढी, नवंकोरं जॅकेट, आणि "मॉर्निंग बडी!" मी मान हलवली. अमेरिकेत इतकी वर्षं राहूनही "बाबा रे, एवढी नदी पडलीये, जरा लांब उभा राहा ना" हे हसतमुखाने इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला जमलेलं नाही. मराठीत जमतं, पण मग ते हसतमुखाने होत नाही.

पाच मिनिटांत त्याला मासा लागला. छान, जाडजूड रेनबो. "बडी, एक फोटो?" एक फोटो म्हणजे माझी रॉड काखेत, हातमोजे दातात, त्याचा फोन माझ्या हातात. क्लिक केलं आणि फोन मेला. थंडीत बॅटऱ्या अशाच पडतात, आतल्या खिशात अंगाशी ठेवायचा असतो फोन. मी ठेवला होता. हे मी त्याला सांगायला नको होतं असं तुम्ही म्हणाल, पण मी सांगितलंच नाही, त्याने माझ्या खिशाला आलेला उंचवटा बघितला.

"तुझ्यावर काढ ना, मग पाठव मला."

काढला. मग दुसरा मासा. मग तिसरा. पुढे मी मोजायचं सोडलं, कारण दर वेळी तेच, रॉड काखेत, मोजे दातात, आणि टचस्क्रीनला मोजे चालत नाहीत म्हणून उघडी बोटं. आणि साहेबांच्या सूचना. जरा खाली बस, मासा मोठा दिसतो. धरण मागे घे. सूर्य येऊ दे.

"दाढीवरचा बर्फ आला का?"

"आला."

"झूम करून बघ, नीट आलाय का."

नीट आला नव्हता, उन्हाने वितळला होता. आता मी जे सांगतोय ते खरं आहे. हा माणूस मासा नेटमध्ये तसाच पाण्यात ठेवून वाकला, ओंजळीने नदीचं पाणी घेतलं, दाढी भिजवली, आणि सरळ उभा राहून गोठायची वाट बघायला लागला. मी फोन धरून समोर. दोघंही गप्प. नदी वाहतेय. मधेच दाढीला हात लावून बघितलं आणि म्हणाला, "अजून एक मिनिट."

इथे मला खरंच राग आला, अगदी मनापासून. हवेचं तापमान गोठणबिंदूच्या खाली असताना माशाला बाहेर काढून धरला की कल्ल्यांचा नाजूक पडदा गोठू शकतो, फोटो काढायचाच तर मासा पाण्यातच ठेवून, दोन सेकंद उचलायचा आणि सोडायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि याच नदीतले याच चार मैलांतले मासे, सगळे पकडून सोडायचे, म्हणजे तोच मासा वर्षात कितीदा कोणाच्या हातात जात असेल. त्या रेनबोचा जबडा मी जवळून बघितला, ओठाची एक बाजू जुन्या जखमांनी फाटून झिजलेली, वरचं हाड वाकडं झालेलं. आम्ही सगळे मिळून करतो हे, मीसुद्धा, आणि वर त्याला संवर्धन म्हणतो. म्हटलं, "अरे सोड त्याला." तर म्हणतो, "रिलॅक्स बडी, सोडायचाच आहे!"

बरं, मधल्या काळात मलाही एक लागला. छोटासाच, पण ब्राउन, अंगावर लाल ठिपके, सुंदर. म्हटलं चला, आता फिट्टंफाट. "जरा माझा एक काढतोस?" त्याने आपल्या हातांकडे बघितलं. "हातमोजे काढावे लागतील रे. फार थंडी आहे."

मासा सोडला. माझ्याशिवाय कोणी पाहिला नाही.

आता मूळ मुद्दा. माझे पाय गेले होते. खाली चार पाय जोडलेले असल्याचा भास व्हायला लागला होता, त्यातले दोन दुसऱ्या कोणाचे तरी. (बुटात दोन जाड मोजे कोंबू नका म्हणतात, रक्त फिरत नाही. मी एकच घातला होता, तरी फिरलं नाही.) म्हणून मी अधूनमधून जागेवर पाय आपटत होतो. पाय आपटले की तळाची रेती, शेवाळ ढवळतं, त्यातल्या अळ्या, पाण्यातले बारीक किडे सुटून खालच्या अंगाला वाहत जातात. या नदीतले मासे इतके पोचलेले आहेत की ते माणसाच्या बुटांमागे येऊन उभेच राहतात, आयतं जेवायला. मी लांब त्या पलीकडच्या धारेत मोठ्या कौशल्याने फ्लाय टाकतोय आणि माझ्या टाचेमागे तीन ट्राउट तोंडं उघडतायत, मिटतायत, हे मी डोळ्यांनी बघितलं. आणि त्यांच्या मागे, वीस फुटांवर, कोण? दाढी.

म्हणजे सकाळभर मी वाढप्या होतो. पाय माझे, अळ्या माझ्या, फोन माझा, मासे त्याचे.

हा हिशोब माझ्या डोक्यात पूर्ण होतोय न होतोय तोवर तो घसा खाकरून म्हणाला, "बडी, राग मानू नकोस, पण तू शफल करतोयस."

तर, मुद्दाम पाय घासून तळ ढवळायचा आणि मासे गोळा करायचे, याला सगळीकडे सॅन हुआन शफल असंच म्हणतात, याच नदीचं नाव आहे त्याला, आणि इथे त्याला बंदी आहे. असायलाच हवी. तळातलं सगळं घर उद्ध्वस्त होतं त्याने.

"माझे पाय गोठलेत. मी आपटतोय."

"सगळे असंच म्हणतात."

"मला कुठे मासे मिळतायत? मिळतायत तुला!"

त्याने यावर खरंच विचार केला. दाढीतला बर्फाचा एक तुकडा तोडला, पाण्यात टाकला. मग म्हणाला, "ते ड्रिफ्टमुळे. माझा ड्रिफ्ट चांगला आहे." (ड्रिफ्ट म्हणजे फ्लाय धारेबरोबर सहज वाहू देणं.)

मी पाय आपटायचे थांबवले. एकदम पुतळा. हट्टाला पेटलो म्हणा. गुडघ्याखाली काय आहे ते कळेनासं झालं तरी हललो नाही. आणि त्याचे मासे बंद. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. त्याने फ्लाय बदलली. इंडिकेटर, म्हणजे लाइनवरचा तरंगता गोळा, वर सरकवला. परत फ्लाय बदलली. त्याचा तो जगप्रसिद्ध ड्रिफ्ट चालूच होता, इंडिकेटर इतका सरळ वाहत येत होता की बघत राहावं, पण त्याच्या मागे कोणीही येत नव्हतं. मला त्या वेळी जो आनंद झाला तो मी स्वतः मासा पकडून कधी झालेला नाही.

शेवटी त्याने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काळजी.

"बडी, इतका वेळ एका जागी स्थिर उभं राहणं चांगलं नाही हं. फ्रॉस्टबाइट होतो. पाय हलवत राहायचे."

मी निघालो. बाहेर आल्यावर बुटांच्या नाड्या बर्फात जाम, गाठ सुटेना, कापायला कात्री नाही, तशीच वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची ती पाणी न शिरणारी विजार, घालून हीटर फुल्ल लावून गाडीत बसून राहिलो, नाड्यांचं पाणी होऊन ते मॅटवर साचेपर्यंत. तोवर तोही वर आला, शेजारच्या ट्रकवाल्याशी बोलत उभा राहिला, आणि दोघांनी वळून माझ्या बुटांकडे बघितलं. काय सांगितलं असेल ते मला ऐकू आलं नाही, काचा बंद होत्या.

फोटो पाठवले मी. दिलेला शब्द आहे, पाठवले सगळे. काल त्याचा मेसेज आला. थँक्स वगैरे काही नाही. तिसऱ्या फोटोत तुझा अंगठा आलाय, तो काढून परत पाठवशील का, आणि शनिवारी येतोयस ना, आलास तर तीच जागा घेऊ, वरच्या अंगाला तू उभा राहा, मला चालेल.