ग्रूमिंगच्या पॅकेजमधलं ‘ग्लँड क्लीनिंग’ नको म्हणा

आंघोळ, नखं, कान आणि त्याच ओळीत ‘अ‍ॅनल ग्लँड क्लीनिंग’. म्हणजे कुत्र्याच्या गुदद्वाराशेजारच्या ग्रंथी दाबून रिकाम्या करणं. शहरातल्या बऱ्याच ग्रूमिंगच्या रेटकार्डावर हे असं एकत्रच असतं आणि पैसे भरलेच आहेत तर होऊन जाऊ दे म्हणून आपणही करून घेतो. माझं मत स्पष्ट आहे. ज्या कुत्र्याला काही त्रास नाही, त्याच्या या ग्रंथींना कुणी हात लावायची गरज नाही. ज्याला त्रास आहे, त्याला व्हेटकडे न्या, ग्रूमरकडे नको.

शेपूट वर धरून घड्याळाची तबकडी डोळ्यासमोर आणा. गुदद्वाराच्या चार आणि आठच्या जागी, कातडीखाली, एकेक छोटी पिशवी असते. आतला आणि बाहेरचा अशा दोन स्नायूंच्या मध्ये ती बसलेली असते आणि तिची बारीक नळी गुदद्वाराच्या कडेला उघडते. शी घट्ट असली की बाहेर येताना पिशव्या दाबल्या जातात, थोडा स्राव निघतो आणि काम होतं. कुत्रा फार घाबरला तरी कधीकधी एकदम सोडतो. तो कुजक्या मासळीचा वास ज्यांच्या सोफ्याला लागलाय त्यांना वेगळं सांगायला नको. स्राव पातळ पिवळट असतो, दाट तपकिरीही असतो, आणि दोन्ही नॉर्मल असू शकतं. त्यामुळे ‘बघा किती घाण निघाली’ म्हणून कुणी कापूस दाखवला तर घाबरू नका. ठणठणीत कुत्र्याच्या पिशवीतूनही हेच निघणार.

उगाच वारंवार दाबलं तर आतलं अस्तर दुखावतं आणि नळीच्या तोंडाला सूज येते. सुजलेल्या नळीतून स्राव नीट बाहेर पडत नाही, पिशवी तुंबते, कुत्रा ढुंगण घासायला लागतो आणि आपण पुन्हा दाबून घ्यायला नेतो.

ढुंगण घासतोय म्हणजे जंत झालेत, हा दुसरा लाडका समज. कधी ते खरंही असतं. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी. ते बहुधा पिसवांमधून येतात. अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्यातला जंत पोटात जातो. तेव्हा पट्टकृमीवरची प्राझिक्वांटेलची गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर काही आठवड्यांत पुन्हा तेच. दाणे दिसत नसतील तर दर महिन्याला जंताचं औषध पाजून या त्रासात काही फरक पडणार नाही.

सोबत पंजे चाटणं, कान सारखे खराब होणं, पोटाखालची आणि मांड्यांतली कातडी लाल होणं असेल तर मूळ बहुतेक वेळा अ‍ॅलर्जीत असतं. अशा कुत्र्याच्या ग्रंथी कितीही वेळा रिकाम्या केल्या तरी त्या परत भरतात. लठ्ठपणानेही हेच होतं. काही जातींना हा त्रास जास्त होतो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दवाखान्यांच्या नोंदींतल्या शंभरातल्या साधारण चार कुत्र्यांना तो आढळला. चपट्या नाकाच्या जाती, कॅव्हेलियर, शिह त्झू, कॉकर स्पॅनियल त्यात पुढे होते.

आपल्याकडे सगळ्यात आधी बघायची ती शी, म्हणजे पर्यायाने ताट. दूध-पोळी, दूध-बिस्किट, दूध-भात. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही. शी सैल होते आणि सैल शीने पिशव्या दाबल्याच जात नाहीत. दूध पूर्ण बंद करून दोन आठवडे बघा. जोडीला इसबगोल द्या. १० किलोपर्यंतच्या कुत्र्याला दिवसाला अर्धा चहाचा चमचा, २५-३० किलोच्या लॅब्रॅडॉरला दीड-दोन चमचे. सुरुवात निम्म्याने करा, पाच-सहा दिवसांनी शी बघून वाढवा. साधाच घ्या, गोड किंवा फ्लेवरचा नको. अर्ध्या कपभर पाण्यात दहा मिनिटं भिजवून, चांगला फुगल्यावरच जेवणात मिसळा. कोरडा टाकलात आणि कुत्रा पाणी कमी पीत असेल तर उलट शी अडते. इसबगोल नको असेल तर वाफवलेला लाल भोपळा, बिनमिठाचा आणि बिनफोडणीचा. छोट्याला एक मोठा चमचा, मोठ्याला तीन-चार.

काही कुत्र्यांना एवढं करूनही दर चार-सहा आठवड्यांनी ग्रंथी रिकाम्या कराव्या लागतात. ते घरी करायचं असेल तर आधी व्हेटसमोर स्वतःच्या हाताने करून दाखवा. एकाने कुत्र्याचं डोकं आणि पोट धरायचं. दुसऱ्याने हातमोजा घालून, बोट सहज सरकावं म्हणून भरपूर ल्युब्रिकंट जेली लावून, तर्जनीचं पहिलं पेर आत घालायचं, अंगठा बाहेर ठेवायचा. चार किंवा आठच्या जागी वाटाण्यापासून द्राक्षाएवढी गोळी लागते. तिच्या तळाशी बोटं नेऊन स्राव नळीच्या तोंडाकडे हळू सरकवायचा. मधोमध चिमटा काढायचा नाही. समोर ओला कापूस धरा आणि तुमचं तोंड बाजूला ठेवा, पिचकारी लांब जाते. एका वेळी एकच बाजू. हलक्या दाबाने येत नसेल तर तिथेच थांबा. जोर केला तर पिशवी फाटून स्राव शेजारच्या मांसात जातो आणि तिथे गळू होतं. रक्त किंवा पू दिसला, किंवा हात लावताच कुत्रा कळवळला, तर घरचा प्रयोग बंद.

गळू कसं ओळखायचं? एका बाजूला ताणलेली, गरम, लाल-जांभळी सूज दिसते. कुत्रा बसताना अवघडतो, शेपूट दाबून धरतो. फुटलं की शेपटीशेजारी भोक पडतं आणि घरच्यांना वाटतं दुसरा कुत्रा चावला. फुटायच्या आधी दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं कोमट पाण्याच्या फडक्याने शेका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. डॉक्टर गुंगी देऊन ते उघडतात, सलाईनने धुतात आणि जखम बहुधा उघडीच ठेवतात. टाके का घातले नाहीत म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, पू वाहून जायला वाट हवी असते. डेटॉल नको, हळद-तेलही नको. घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका, ती कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. जखम चाटू नये म्हणून गळ्यात कोन घाला.

पावसाळ्यात अशा जखमेची भीती जास्त. शेपटीखालच्या ओल्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात आणि त्या आत खात जातात. भोवतालचे केस कापून घ्या, दिवसातून दोनदा सलाईनने धुवा, माशी बसू नये म्हणून डॉक्टरांनी दिलेला स्प्रे मारा, कुत्र्याला घरात ठेवा. जर्मन शेफर्डला गुदद्वाराभोवती एकाहून जास्त भोकं दिसली तर तो बहुधा वेगळाच आजार असतो. त्यावर सायक्लोस्पोरिनसारखी औषधं लागतात, नुसत्या ग्रंथी दाबून काही होत नाही.

आठ वर्षांवरच्या कुत्र्याचं एक काम मात्र चुकवू नका. दरवर्षी लस द्यायला जाल तेव्हा डॉक्टरांना बोट घालून ग्रंथी तपासायला सांगा. या ग्रंथीचा कॅन्सर बऱ्याचदा एकाच बाजूच्या, न दुखणाऱ्या, टणक गाठीने सुरू होतो, आणि गाठ छोटी असतानाच तो पोटातल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेला असू शकतो. कुत्रा अचानक फार पाणी प्यायला आणि फार लघवी करायला लागला तर रक्तातलं कॅल्शियमही बघून घ्या. या कॅन्सरमध्ये ते वाढू शकतं.

ऑपरेशन करून पिशव्या काढून टाकता येतात, पण ते गाठीसाठी किंवा सगळं करूनही वारंवार उलटणाऱ्या त्रासासाठी. संसर्ग चालू असताना नको, तो आधी शमू द्यावा. पिशवीचा तुकडा आत राहिला तर जखम वाहत राहते, आणि शेजारच्या स्नायूला किंवा नसेला इजा झाली तर शीवरचा ताबा जाऊ शकतो. म्हणून खर्च विचारण्याआधी सर्जनला विचारा, हे ऑपरेशन त्यांनी किती वेळा केलंय, आणि शी गळायला लागली तर ती किती दिवस चालली म्हणजे फोन करायचा.