खुलासा : ‘रंग नोंदवला की सायलेन्सरही चालतो’ हे चुकीचं आहे

सातारा-कराडच्या बाईक ग्रुपवर मेसेज फिरतोय : “रेट्रो बाईकचा नवा रंग आरसीवर नोंदवला की कुठलाही सायलेन्सर चालतो, मिलिटरी हिरवा रंगही मारता येतो.” यातलं रंगाच्या नोंदीपुरतंच खरं आहे.

रंग आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, लिहिलेला असतो, म्हणून टाकी आणि साईड पॅनेलचा मुख्य रंग बदलला तर आरटीओत नोंद हवीच. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ वाचा : ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे मिलिटरी हिरवा, फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी आहे. नोंद करायला गेलात तरी तो मिळणार नाही. रंगारी डबा उघडण्याआधीच छटा ठरवा. टाकी घासून पुन्हा मारणं म्हणजे दुप्पट खर्च.

सायलेन्सरचा रंगाच्या नोंदीशी काहीच संबंध नाही. १७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि आतली जाळी काढली की आवाज वाढणारच. बीएस-६ (प्रदूषणाचे कडक निकष पाळणाऱ्या) गाडीत एक्झॉस्टमध्ये धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो नसलेला पाईप लावला की धुरातलं प्रदूषणही वाढतं.

आरसा, सीट कव्हर, टाकीचे रबर पॅड बिनधास्त बदला. हँडल उंच केलं असेल तर मात्र गाडी न्यूट्रलला चालू ठेवून ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. आरपीएम (इंजिनाचे फेरे) आपोआप वाढले तर अॅक्सिलरेटर केबल ताणली जातेय, लांब केबल टाका. ब्रेकचा होजही (ब्रेक ऑईलची नळी) तसाच तपासा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.