केंद्र बघाच, पण जवळची मीटिंगही शोधून ठेवा

घरात कुणाची दारू हाताबाहेर गेली की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "चांगलं व्यसनमुक्ती केंद्र कुठलं?" भावाच्या आजारपणामुळे मी या सगळ्याच्या जवळ आहे, म्हणून मलाही कुणी ना कुणी हे विचारतंच. मी सांगते, केंद्र बघा, पण त्याच वेळी घराजवळची मीटिंगही, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी बैठक, शोधून ठेवा. केंद्रातला मुक्काम काही आठवड्यांत संपतो. संध्याकाळ रोज येते.

त्याआधी एक अत्यंत महत्त्वाचं. जो रोज भरपूर पितो, सकाळी ज्याचे हात थरथरतात, त्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, प्रचंड घाम, गोंधळ सुरू झाला तर ते डेलिरियम ट्रेमेन्स असू शकतं, आणि त्यात माणूस दगावू शकतो. तेव्हा आधी डॉक्टर. पूर्वी कधी दारू थांबवताना फिट आली असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

औषधं आहेत, हेसुद्धा अनेकांना माहीत नसतं. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही त्यांतली काही; कुणाला कुठलं, हे डॉक्टर ठरवतात. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर त्याला जोरदार त्रास होतो. ही गोळी जेवणातून गुपचूप द्या, असा सल्ला कुणी दिला की माझं डोकंच फिरतं. त्याला न कळता दिलेली गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते.

आता मीटिंग. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालं. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ, दोघेही दारूने बेजार झालेले, एकमेकांशी बोलत राहिले, त्यातून ते उभं राहिलं. फी नाही. अट एकच, दारू थांबवण्याची इच्छा. "याने खरंच फरक पडतो का?" असं विचारणाऱ्यांसाठी : उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास तपासले होते. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि माणसाला एएशी जोडून देणारे उपचार इतर उपचारांपेक्षा बऱ्याचदा सरस ठरले.

ओपन मीटिंगला कुणीही बसू शकतं, म्हणून मीही बसले आहे. नवा माणूस बहुतेक दाराजवळची खुर्ची धरतो. त्याला पाण्याचा ग्लास अर्धाच भरून देतात, हात थरथरला तरी सांडू नये म्हणून. कुणी त्याच्याकडे बघत बसत नाही, बोलायची जबरदस्ती नाही. बोलणाऱ्याला मधेच कुणी सल्ला देत नाही. घरात ज्याला वर्षानुवर्षं फक्त सल्लेच मिळाले, त्याच्यासाठी हे केवढं मोठं आहे!

पत्ता एएच्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर मिळतो, पण याद्या जुन्या होतात. निघण्याआधी फोन करा : आज मीटिंग आहे ना, ओपन की क्लोज्ड (म्हणजे फक्त दारू थांबवू पाहणाऱ्यांसाठी), भाषा कुठली? पहिला ग्रुप नाही पटला तर दुसरा बघा. एएमध्ये देवाचा उल्लेख येतो; तो नको असेल तर स्मार्ट रिकव्हरी हा दुसरा आधारगट आहे. बाहेर पडणं अवघड असेल तर दोन्हींच्या ऑनलाइन मीटिंगही असतात.

आणि घरच्यांनो, तो तयार होईपर्यंत तुम्ही कशाला थांबता? 1951 पासून तुमच्यासाठी, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी, अशाच मीटिंग घेणारं अल-अ‍ॅनॉन आहे. तो अजून पीत असला तरी तुम्ही जाऊ शकता.

केंद्र निवडताना स्पष्ट विचारा : रात्री डॉक्टर असतात का, घरच्यांना भेटू देता का, घरी सोडल्यावर पुढे काय? "गॅरंटी" हा शब्द ऐकला की तिथून उठा. मारहाण होत असल्याचं कानावर आलं तर त्या दारात पाऊलही टाकू नका. आणि सुट्टी मिळण्याआधीच जवळच्या एए ग्रुपला फोन करून कळवा, शक्य असेल तर त्यांच्यातलं कुणीतरी त्याला आधीच भेटून जाईल. म्हणजे पहिल्या मीटिंगला गेल्यावर तिथला निदान एक चेहरा तरी त्याच्या ओळखीचा असेल.