३४० ची मुंगी

आमच्या सोसायटीत ज्याने कधीकाळी बीएस्सी केमिस्ट्री केलंय त्याच्या गळ्यात पाण्याची कमिटी मारतात. मी १९९६ ला पास झालो आणि त्यानंतर जन्मभर इन्शुरन्समध्ये काढला, टेस्ट ट्यूब पुन्हा हातात घेतली नाही, पण एजीएममध्ये कोणीतरी बोललं "ते केमिस्ट्रीवाले आहेत ना" आणि संपलंच.

राहतो भांडुपला. म्हणजे मुंबईचं बरंचसं पाणी जिथे शुद्ध होतं ते कॉम्प्लेक्स आमच्या गावातच, आणि तरी मागच्या जुलैत आमच्या नळाला कटिंग चहा येत होता. तपास केला तर गडबड आमच्याच जमिनीखालच्या टाकीत, ती शेवटची कधी धुतली होती हे कोणालाच सांगता येईना, मिनिट्सची वही चाळली तर तिच्यात पार्किंगची भांडणं तेवढी तारीखवार सापडली. मग टाकी धुतली, तळाशी बोटभर गाळ निघाला, आणि लाज झाकायला म्हणा किंवा उत्साहाच्या भरात म्हणा, सोसायटीने एक टर्बिडिटी मॉनिटर घेऊन पंप रूमच्या भिंतीवर ठोकला.

टर्बिडिटी म्हणजे साधं गढूळपण हो. आत एक दिवा, मध्ये काचेच्या नळीतून वाहणारं पाणी, आणि बाजूला काटकोनात एक डोळा. पाण्यात कण असले की उजेड विखुरतो, तो डोळ्याला दिसतो, तेवढा आकडा एनटीयूमध्ये, म्हणजे गढूळपणाच्या मापात, स्क्रीनवर. पिण्याच्या पाण्याला १ पर्यंत चालतं, दुसरं पाणीच मिळत नसेल तर ५ पर्यंत. पूर्वी म्हणे खाली मेणबत्ती लावायचे आणि वर उंच काचेच्या नळीत पाणी ओतत जायचे, ज्योत दिसेनाशी झाली की त्या उंचीवरून गढूळपणा ठरवायचे. मला खरं सांगायचं तर मेणबत्तीवालाच जमाना बरा होता.

कारण या यंत्राला दर तीन महिन्यांनी कॅलिब्रेट करायचं असतं, म्हणजे आकडा बरोबर दाखवतंय का ते तपासून जुळवायचं. बाहेरच्या माणसाचा व्हिजिट चार्ज ऐकून खजिनदार म्हणाले, "अहो, तुम्ही आहात की!"

किटमध्ये ठरावीक गढूळपणाच्या पाण्याच्या तीन सीलबंद काचेच्या कुप्या, १००, १० आणि ०.०२. शंभरवाली पटकन लागली. दहावाली लागली. मी मनात म्हटलं, यासाठी पैसे घेतात लोक? मग ०.०२ वाली टाकली आणि स्क्रीनवर आलं १.४. म्हणजे जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी आमच्या टाकीपेक्षा गढूळ! कुपी उजेडाकडे धरून बघितली तर माझ्या अंगठ्याचा ठसा, आधार कार्डावर इतका स्पष्ट कधी उमटला नव्हता. रुमालाने पुसलं, १.९. रुमालाचे धागे. बनियनने पुसलं, २.३. मग मुलाच्या चष्म्याचं फडकं आणलं, ०.३ वर आलं, जरा हायसं वाटतंय तोवर पुन्हा चढायला लागलं कारण जुलैतली पंप रूम म्हणजे इडलीचं भांडं, थंड नळीवर बाहेरून वाफ धरत होती. त्यासाठी यंत्रात सिलिका जेलची पुडी असते, बुटाच्या खोक्यात येते तशी, ती केव्हाच ओली होऊन गेलेली. दोन तास पेडेस्टल फॅन लावून बसलो. वॉचमन दर दहा मिनिटांनी डोकावून विचारायचा, "साहेब, आला का झिरो?"

काचेवर बारीक चरे होते, त्यावर सिलिकॉन ऑइलचा थेंब फिरवून पुसून घ्यायचं असं पुस्तिकेत लिहिलेलं. बाटली उघडी राहून सांडलेली. रात्रीचे अकरा वाजलेले, भांडुपमध्ये या वेळी सिलिकॉन ऑइल कोण देणार, मग घरात जाऊन खोबरेल आणलं. (बीएस्सी. फर्स्ट क्लास.) आणि काय सांगू, थेंब फिरवला, पुसला, ०.०२! वॉचमनने टाळी दिली.

पहाटे साडेपाचला पाणी सुटलं आणि अलार्म बोंबलायला लागला. आकडा ३४०. मग १२. मग ०.६. मग परत ३४०. तोवर ग्रुपवर मेसेज सुटलेला, पाणी भरू नका. तळमजल्यावरच्या काकू तुरटीचा खडा घेऊन खाली हजर, "टाकीत फिरवू का?" तुरटीने गाळ खाली बसतो हे खरंच आहे, शुद्धीकरणात तिचंच काम असतं, पण वीस हजार लिटरच्या टाकीत काकू खडा फिरवताहेत हे चित्र डोळ्यापुढे आलं आणि मी त्यांना हात जोडले. यंत्राचं झाकण उघडलं. खोबरेलाच्या वासाने लाल मुंग्यांची रांग भिंतीवरून थेट आत, आणि त्यातली एक दिवा आणि नळीच्या मधोमध फेऱ्या मारतेय. ती उजेडात आली की ३४०, बाजूला सरकली की ०.६.

मुंग्या काढल्या, सगळं पुसलं, ०.६ वर स्थिर झालं. ग्रुपवर टाकलं, पाणी उत्तम आहे. मुंगीचं लिहिलं नाही, "तांत्रिक अडचण" लिहिलं.

काकू स्टीलचा पेला धरून उभ्याच. "मग हे शून्य दशांश सहा म्हणजे उकळायचं का नाही?"

आता या डब्याला फक्त कण दिसतात, जंतू दिसत नाहीत, हे मला पहाटे सहाला सांगावं लागलं.

"उकळा, काकू."

"मग हे यंत्र कशाला घेतलं?"

वॉचमन माझ्याकडे बघत होता. मी मुंग्यांची पावडर आणायला गेलो.